बाळाची थायमस काढली, आता पुढे काय?

प्रश्न : माझ्या चार महिन्यांच्या मुलीचं टेट्रालॉजी ऑफ फॅलो या जन्मजात हृदयदोषाचं ऑपरेशन झालं. डिस्चार्ज कार्डावर ‘थायमस काढली’ अशी नोंद आहे. संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशी तिथेच तयार होतात असं वाचलं. मग तिला प्रतिकारशक्ती राहणार का? लशी द्यायच्या की थांबायचं? – एक आई, सांगली

उत्तर : बाळाची थायमस ही ग्रंथी छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयावर पांघरूण घातल्यासारखी असते. ती बाजूला केल्याशिवाय हृदय नीट दिसत नाही, म्हणून सर्जन ती बहुधा पूर्ण किंवा अर्धी काढतात.

टी-पेशींचा जन्म थायमसमध्ये होत नाही, तिथे त्यांची निवड होते. कच्च्या पेशी अस्थिमज्जेतून येतात. थायमसच्या बाहेरच्या थरात प्रत्येक पेशी जनुकांचे तुकडे जोडून स्वतःचा ग्राही, म्हणजे परकं काही ओळखणारा पृष्ठभागावरचा रेणू, बनवते. ही जोडणी बरीचशी नशिबावर असते, त्यामुळे अनेक ग्राही निरुपयोगी निघतात. शरीराच्या एचएलए रेणूंना (पेशींवरच्या ओळखखुणांना) हलकेच धरता आलं तरच पेशी जगते, नाही तर तीन-चार दिवसांत मरते. पुढे आतल्या थरात दुसरी परीक्षा होते. तिथल्या पेशी ‘एअर’ नावाच्या जनुकाच्या जोरावर इन्सुलिनसारखी, एरवी फक्त स्वादुपिंडात बनणारी प्रथिनंही थोडी थोडी बनवून दाखवतात. त्यांना घट्ट चिकटणाऱ्या टी-पेशी मारल्या जातात, काहींना आवर घालणाऱ्या नियामक पेशी बनवलं जातं. शंभरातल्या जेमतेम दोन ते पाच पेशी बाहेर पडतात. एअर बिघडलं तर ही परीक्षाच नीट होत नाही आणि शरीर स्वतःच्याच पॅराथायरॉइड, अधिवृक्क (ॲड्रिनल) अशा ग्रंथींवर उलटतं.

१९६१ साली जॅक मिलर यांनी लंडनमध्ये नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली, तेव्हा ते संसर्गाने खंगून मेले. तुमच्या मुलीच्या बाबतीत तसं होणार नाही, कारण उंदराच्या टी-पेशी जन्माच्या सुमारास बाहेर पडू लागतात, तर माणसाच्या गर्भात हे काम चौथ्या महिन्यातच सुरू झालेलं असतं. जन्मताना बाळाचा साठा भरलेला असतो. तान्हेपणी थायमस काढलेल्या मुलांत नव्या, कोऱ्या (अजून कोणत्याही जंतूशी गाठ न पडलेल्या) टी-पेशी कमी दिसतात, प्रतिकारव्यवस्था थोडी लवकर प्रौढ झाल्यासारखी वागते. पण बहुतेकांना गंभीर संसर्गाचा त्रास होत नाही. मागे राहिलेला तुकडा काही जणांत पुन्हा वाढतोही.

एक गोष्ट मात्र विचारून घ्या. टेट्रालॉजी असलेल्या सुमारे १० ते १५ टक्के मुलांत २२व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असतो. याला डायजॉर्ज सिंड्रोम म्हणतात. त्यात थायमस मुळातच लहान असते, क्वचित नसतेच. कॅल्शियम कमी होऊन झटके येणं, तोंडातली टाळू दुभंगलेली असणं ही त्याची खूण. गुणसूत्रातला गळालेला तुकडा शोधणारी फिश किंवा मायक्रोॲरे तपासणी झाली आहे का, ऑपरेशनच्या वेळी थायमस खरोखर दिसली होती का, आणि फ्लो सायटोमेट्री या रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीत सीडी३ (एकूण टी-पेशी), सीडी४ (मदतनीस टी-पेशी) व कोऱ्या टी-पेशींचे आकडे काय आले, हे डॉक्टरांना विचारा.

आकडे नीट असतील तर लसीकरण नेहमीसारखं चालू ठेवा. फक्त गोवर-रुबेलाचं गणित बदलतं: ऑपरेशनमध्ये मिळालेल्या रक्तातली प्रतिपिंडं लशीतला विषाणू निष्प्रभ करतात. पॅक्ड सेल (रक्तातल्या फक्त लाल पेशी) दिले असतील तर साधारण ६ महिने, प्लाझ्मा किंवा प्लेटलेट दिले असतील तर ७ महिने थांबतात. म्हणजे नवव्या महिन्याचा डोस अकराव्यापर्यंत जाईल. परिसरात गोवराची साथ असेल तर डॉक्टर वेगळा निर्णय घेतील. टी-पेशी अगदीच नगण्य निघाल्या, तर तोंडावाटे द्यायचा पोलिओ आणि रोटाव्हायरस या जिवंत लशी बंद ठेवायच्या, पुढे रक्त द्यावं लागल्यास ते विकिरणित (किरणांचा मारा केलेलं) हवं, आणि जन्मताच टोचलेल्या बीसीजीच्या जागेकडे लक्ष ठेवायचं: तिथला व्रण वाढत गेला किंवा काखेत गाठ आली तर लगेच दाखवा.

प्रश्न : वय ६८. छातीवर रोज टिचक्या मारल्या की थायमस जागी होते, असा व्हिडिओ पाहिला. करू का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : टिचकी हाडावर बसते, ग्रंथीवर नाही. तिने टी-पेशी वाढत नाहीत. परिभाषेत थायमसला ‘यौवनलोपी ग्रंथी’ म्हणतात. नाव अर्धंच खरं आहे. वयात आल्यावर ती आक्रसते, जागा चरबी घेते, पण थोडं काम चालूच राहतं. २०२३मध्ये बॉस्टनच्या एका अभ्यासात थायमस काढलेल्या प्रौढांपैकी ८.१ टक्के पाच वर्षांत दगावले. छातीचंच ऑपरेशन होऊन ती न काढलेल्यांत हे प्रमाण २.८ टक्के होतं. कारण-परिणाम यावरून ठरत नाही, पण ‘मोठेपणी ती बिनकामाची’ हा समज डळमळला आहे. थायमसमध्ये गाठ असेल किंवा मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारासाठी डॉक्टर सांगत असतील, तर मात्र ती काढायला घाबरू नका.

कोऱ्या टी-पेशी घटल्याने नव्या जंतूला उत्तर द्यायला या वयात उशीर लागतो. त्यामुळे टिचक्यांऐवजी फ्लूची लस दरवर्षी घ्या आणि न्यूमोकोकलची घेतली नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे विषय काढा.