मुंबईत पाळलेल्या गोगलगायींसाठी घरच्या घरी खाद्य कसं बनवायचं?

तयार खाद्य परवडत नाही, म्हणून कणकेत भाजीची सालं कालवून घातली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. खातील, अगदी आवडीने खातील. पण हळूहळू शंख पातळ पडतील आणि मग त्या एकमेकींचे शंख खरवडायला लागतील. शंख जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि कणकेत ते नाही. तेव्हा पीठ कुठलं घ्यायचं ते नंतर बघू, आधी कॅल्शियमची सोय करा.

मी अंड्याची टरफलं वापरते. एक टरफल जेमतेम पाच-सहा ग्रॅमचं, म्हणजे पाव किलो पावडरीला चाळीस-पन्नास टरफलं हवीत. घरात एवढी कुठून निघणार? आमच्या स्टेशनबाहेरचा बुर्जीपाववाला गाडी आवरताना पिशवी भरून देतो. धुवायची, आतला पापुद्रा निघेल तेवढा काढायचा, तव्यावर मंद आचेवर कडकडीत भाजायची (वास येतो, खिडकी उघडी ठेवा). मग मिक्सरमधून काढून मैद्याच्या चाळणीने चाळायची. बोटांत चोळून बघा, रवाळ लागली तर परत फिरवा. गोगलगाय चावत नाही, जिभेवरच्या बारीक दातांनी खरवडते, त्यामुळे जाडसर कण तसेच मागे राहतात. तिसऱ्यांचे शिंपलेही चालतात, पण ते खलबत्त्यात कुटा, मिक्सरचं पातं वाचेल. शिवाय क्रॉफर्ड मार्केटात पक्ष्यांच्या दुकानांत समुद्रफेस (माकुळाच्या अंगातलं पांढरं, ठिसूळ कवच) मिळतो, त्याचा एक तुकडा गोगलगायींच्या क्रेटमध्ये कायम पडू द्या.

पानाला लावायचा चुना मात्र अजिबात नको. तो दाहक असतो, त्यांचं अंग भाजतं. फळ्यावरचा खडूही नको, तो बरेचदा जिप्समचा असतो.

किलोभर मिश्रणाला मक्याचं पीठ ३५० ग्रॅम (कॉर्नफ्लॉवर नव्हे, तो नुसता स्टार्च), कणीक २००, सोयाबीनच्या वड्या दळून २०० आणि टरफलांची पावडर २५०. कच्चं सोयाबीन दळू नका, पचत नाही. मीठ म्हणजे गोगलगायीला विषच, त्यामुळे उरलेली पोळी, भात, आमटी यातलं काहीही घालायचं नाही. लेयर मॅश, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य, वापरा असं काही जण सांगतात. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्क्यांच्या आसपास असतं, तेवढं यांना पुरत नाही.

आता मुंबईचं म्हणून एक सांगते: कालवू नका. जुलैत ओला गोळा सकाळपर्यंत आंबतो, बुरशी धरतो, वर चिलटं. कोरडंच, एका टाइलवर, अंधार पडल्यावर पसरा. पाणी क्रेटच्या भिंतींवर फवारा, खाद्यावर नाही. हवेतला दमटपणा त्याला पुरतो. सकाळी उरलेलं पुसून टाका. एका वेळी पंधरा दिवसांपुरतंच करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर पोरकिडे होतात.

उरलेलं उचलण्याचं आणखी एक कारण म्हणजे उंदीर. त्यांच्या फुप्फुसात राहणारा एक कृमी लेंड्यांतून गोगलगायीत येतो आणि तो माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. क्रेटला बारीक जाळी हवी आणि हात लावल्यावर साबणाने हात धुवायलाच हवेत. मुंग्यांसाठी खडू ओढू नका, क्रेटचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

भाजी जोडीला द्याच: काकडी, दुधी, भोपळा, कोबीची बाहेरची पानं, सगळं नीट धुऊन. पालक क्वचित, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून ठेवतं.

पीठ खरंच खातात का, हे विष्ठेवरून कळतं. खाल्लेल्याचा रंग तिला येतो: गाजर दिलं की केशरी, पाला दिला की हिरवी, टरफल खाल्लं की पांढुरकी. सकाळी नुसती हिरवीच दिसली तर दोन रात्री भाजी बंद ठेवा.

कोणत्या जातीच्या आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. सोसायटीच्या बागेतून उचललेल्या मोठ्या शंखी गोगलगायी असतील तर खाद्य हेच, पण एकही बाहेर सोडू नका. २०२२च्या खरिपात लातूर, बीडकडे यांनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली होती. एका वेळी शंभरावर अंडी घालतात. नको असलेली अंडी कुंडीत किंवा कचऱ्यात न टाकता आधी उकळत्या पाण्यात टाका.