"नावावर काहीच नाही" म्हणतो? मग फेरफार काढा

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. इतरांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो, ताईंनी ओळखीतल्या एकाला हॉटेल टाकायला ८ लाख ४० हजार चेकने दिले, त्याने बुडवले, पुण्याच्या कोर्टात दावा लावून ताई जिंकल्या, मागच्या वर्षी हुकूमनामा (पैसे द्या असा कोर्टाचा अंतिम आदेश) झाला. आणि आता तो म्हणतो, "फ्लॅट बायकोचा, गावची जमीन भावाची, गाडी मित्राची, घेऊन बसा तुमचा कागद." ताईंचा प्रश्न, याच्या नावावर काय काय आहे ते आपल्याला सरकारी रेकॉर्डमधून शोधता येतं का?

येतं. सगळं नाही, पण बरंच.

गावापासून सुरुवात करा. तुम्ही भोर तालुका लिहिलंय. महाभूलेखवर (जमिनीच्या नोंदींची सरकारी साईट) गाव निवडलं की नुसत्या गट नंबरनेच नाही, तर पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव यावरून पण सातबारा शोधता येतो, मोबाईल नंबर टाकला की बिनसहीचा उतारा फुकट दिसतो. आता गावात अर्ध्या लोकांचं आडनाव एकच असणार, त्यामुळे त्याच्या वडिलांच्या आणि आजोबांच्या नावाने पण बघा, कारण आपल्याकडे माणूस जाऊन वीस वर्षं झाली तरी वारसनोंद झालेली नसते, आणि नोंद नाही म्हणजे हिस्सा नाही असं नसतं! खाते नंबर मिळाला की आठ-अ काढा, त्या गावात त्या खात्यावर किती जमीन आहे ते एकाच कागदावर येतं.

आता खरी गोष्ट. सातबारा आजचं चित्र दाखवतो, आणि तुमचा माणूस आजचं चित्र साफ करूनच बसलाय. त्यामुळे त्याचं नाव आडवी रेघ मारून खोडलंय का (जुन्या उताऱ्यावर कंसात टाकलंय का) बघा आणि ज्या फेरफाराने, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदीने, ते कमी झालं तो नंबर घेऊन फेरफाराची नक्कल काढा. माझ्या अनुभवात दहापैकी सहा-सात वेळा तिथे हक्कसोडपत्र (आपला हिस्सा सोडल्याचा दस्त) निघतं, भावाच्या नावाने, बिनमोबदला, आणि तारीख असते आपली नोटीस गेल्यानंतरची. तशी निघाली तर नाराज होऊ नका, उलट पेढे वाटा. देणेकऱ्यांना चुकवायला केलेलं हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द करून घेता येतं. प्रामाणिकपणे पैसे मोजून घेणाऱ्याला कायदा वाचवतो, पण फुकटात हिस्सा मिळालेल्या भावाला ते म्हणणं अवघड जातं.

फ्लॅटचं वेगळं आहे. सिंहगड रोडवरचा फ्लॅट सातबाऱ्यावर शोधत बसू नका, जमीन बिल्डरच्या किंवा सोसायटीच्या नावावर असते, प्रॉपर्टी कार्डावर पण फ्लॅटवाल्यांची नावं येत नाहीत. त्यासाठी इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा, कोणी कोणाकडून काय घेतलं ते त्यात असतं. नोंदणी विभागाच्या साईटवर सर्व्हे नंबर आणि वर्ष टाकून मोफत शोध घेता येतो, पण एकेक वर्ष चाळावं लागतं आणि साईट कधी चालेल याचा नेम नाही, रात्री अकरानंतर बघा. बायकोचा फ्लॅट हे त्याच्या तोंडचं झालं, होम लोन असेल तर नवऱ्याचं नाव पण खरेदीत असतंच बऱ्याचदा, ते इंडेक्स टूवर दिसेल. खरंच एकट्या बायकोचा निघाला तर मी आधी त्याच्या मागे लागणार नाही. पैसा त्याचा होता हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं, शिवाय बेनामी कायद्यात माहीत असलेल्या उत्पन्नातून पत्नीच्या नावे घेतलेल्या मालमत्तेला सूट आहे.

नुसतं नाव माहिती असेल, नंबर नसेल, तर दुय्यम निबंधक कार्यालयात जावं लागेल. नोंदणी कायदा १९०८, कलम ५७, फी भरून बुक नंबर १ (स्थावर मिळकतीच्या दस्तांचं रजिस्टर) आणि त्याची सूची कोणीही बघू शकतो, तुम्ही कोण म्हणून विचारायचं कारण नाही. फक्त पुण्यात हवेली तालुक्याची निबंधक ऑफिसं ढिगाने आहेत आणि दस्त त्यातल्या कुठल्याही ऑफिसात झालेला असू शकतो. म्हणून सर्च घेणारा माणूस पैसे देऊन लावा, स्वतः चपला झिजवू नका.

हॉटेल कंपनी किंवा एलएलपी म्हणून असेल तर कंपनी मंत्रालयाच्या साईटवर संचालक आणि कर्जाचा बोजा दिसतो. ई-कोर्ट्सवर त्याच्या नावाने केसेस शोधा, भावाभावांचा वाटपाचा दावा चालू असेल तर मिळकतींची यादी आयतीच मिळते. आणि गडी कधी निवडणुकीला उभा राहिलेला असेल तर बघायलाच नको, उमेदवाराचं संपत्तीचं प्रतिज्ञापत्र जाहीर असतं.

काय मिळणार नाही ते पण ऐका. बँक खातं, इन्कम टॅक्स रिटर्न हे जाहीर रेकॉर्ड नाही, माहिती अधिकारात रिटर्न मागाल तर नकार येईल, सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच ती खाजगी माहिती ठरवली आहे. "पॅन द्या, सगळी खाती काढून देतो" म्हणणारे एजंट फिरतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका, फिर्यादीचे आरोपी व्हाल.

बँक खात्यासाठी रस्ता कोर्टातूनच जातो. दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीचा अर्ज, दाखल करा (मेसेजवरून वाटतं अजून केली नाही, मुदत १२ वर्षं आहे पण थांबता कशाला?). हुकूमनाम्याचे पैसे ३० दिवस थकले की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २१ रूल ४१ खाली त्याला संपत्तीचं प्रतिज्ञापत्र द्यायचा आदेश मागता येतो, आदेश मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. खाती, एफडी, येणी सगळं त्यात लिहावं लागतं. आणि क्रम लक्षात ठेवा, आधी तुमचे कागद गोळा करायचे, ते कोणाला दाखवायचे नाहीत, मग प्रतिज्ञापत्र मागायचं. त्याने "काही नाही" लिहून दिलं की आपण हक्कसोडपत्र आणि इंडेक्स टू समोर ठेवायचं. आधीच दाखवलं तर तो तेवढंच लिहील आणि बाकीचं लपवेल.

एक राहिलं. जमीन जप्त होऊन लिलावाला निघाली तर "मीच घेते" म्हणाल, पण तुम्ही शेतकरी नसाल तर शेतजमीन कोर्टाच्या लिलावात सुद्धा परवानगीशिवाय घेता येत नाही. तुमच्या माहेरचा सातबारा आहे का, त्यावर तुमचं नाव आहे का, ते येताना घेऊन या. सोबत हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल आणि पहिल्या नोटिशीची पोचपावती. त्या पावतीवरची तारीख मला सगळ्यात आधी बघायचीय.