वही टाकू नकोस, वाक्य बदल

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. रोज पहाटे उठून २१ वेळा ‘मी महाराष्ट्र पोलीस आहे’ लिहितेस आणि लिहून झालं की जास्तच रडू येतं, तर हे बंद करू का, असं विचारलंस. बंद करू नकोस. फक्त ते वाक्य बदल.

भरतीची यादी लागून महिना झालेला नाही. थोडक्या मार्कांनी नाव हुकलंय. अशात हातानं ‘मी पोलीस आहे’ लिहिलं की मन गप्प कसं बसेल? ते लगेच विचारणार, “कुठं आहेस गं?” मग तू आणखी जोर लावून लिहितेस आणि तेही आणखी मोठ्यानं विचारतं. यात तुझा कमकुवतपणा काही नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हेच तपासून मांडलं. ‘मी प्रेम करावं अशी व्यक्ती आहे’ हे वाक्य लोकांना मनाशी म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दल आधीच बरं मत होतं त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं, त्यांना ते म्हटल्यावर आणखी वाईट वाटलं. म्हणजे आधार ज्यांना हवा होता, त्यांच्याच अंगावर ते वाक्य उलटलं.

शंभरेक वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये एमिल कुए नावाचा औषधविक्रेता होता. तो लोकांना २० गाठींची दोरी द्यायचा. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना एकेका गाठीवर बोट ठेवून म्हणायचं, ‘रोज, सगळ्या बाजूंनी, मी सुधारत चाललोय.’ आपल्या जपमाळेसारखंच. मला त्यातली एक गोष्ट फार पटते. ‘मी बरा झालो’ असं त्यानं म्हणायला लावलं नाही, ‘होत चाललोय’ म्हणायला लावलं. एवढं मन ऐकून घेतं.

तुझंच बघ. मागच्या पावसाळ्यात ८०० मीटरच्या दुसऱ्या राऊंडला तू चालायला लागायचीस, कमरेवर हात ठेवून. आता थांबत नाहीस. ‘माझा दम वाढत चाललाय’ हे लिही. याला मन खोटं म्हणू शकणार नाही, कारण ते तुझ्याबरोबर त्या मैदानावर होतं. खोलीत ललिता बाबरचा फोटो लावलायस ना? माण तालुक्यातल्या मोहीची ती. २०१६ ला रिओत ३००० मीटर स्टीपलचेसची फायनल धावली, दहावी आली. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकची फायनल गाठणारी भारतीय मुलगी १९८४ च्या पी. टी. उषानंतर थेट तीच. ‘माणची पोरगी तिथवर पोचली’ हे घडलेलं आहे. त्या फोटोखाली ‘मी चॅम्पियन’ लिहिलंयस, ते पुसून हे लिही.

आता मैदानावरचं. शारीरिक चाचणीच्या ५० पैकी २० मार्क एकट्या ८०० मीटरला आहेत, म्हणून यावर जरा जास्त लिहिते. पहिला राऊंड पाय आपोआप पळतात. दुसऱ्या राऊंडचं पहिलं वळण आलं की मांड्या भरून येतात, तोंडाला कोरड पडते, खांदे कानाला जाऊन भिडतात आणि डोक्यात ‘सोड, सोड’ सुरू होतं. खरी शर्यत त्या २०० मीटरमध्ये असते. तिथं मोठमोठी वाक्यं सुचतही नाहीत आणि उपयोगीही पडत नाहीत. मी कडेला उभी राहून काय ओरडते तुला? तुझं नाव घेते आणि म्हणते, “खांदे सोड, हात मार!” बस्स, तेच तू स्वतःला म्हण, स्वतःचं नाव घेऊन. ईथन क्रॉस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं, की ताणाच्या वेळी ‘मी’ म्हणण्याऐवजी स्वतःला नावानं हाक मारून बोलणाऱ्यांना तो प्रसंग जास्त बरा पेलतो. आपल्या साताऱ्याला हे नवं नाही. सज्जनगडावर समाधी आहे त्या समर्थांनी २०५ श्लोकांत मनालाच हाक मारून समजावलंय. मनाला समोर बसवलं की त्याच्याशी बोलता येतं.

पेपरसाठी जर-तरचं वाक्य ठेव. ‘गणित अडलं, तर खूण करून पुढच्या प्रश्नाला जाईन.’ सोपं वाटेल, पण ऐनवेळी विचार करत बसावं लागत नाही.

एक मात्र मनापासून सांगते. पहाटे वहीत काहीही लिही, पण दिवसभर तू जे बोलतेस ते मी ऐकते. “माझं गणित कच्चंच आहे.” “आमच्यासारख्यांना कोण विचारतंय.” पोवई नाक्यावर चहा पितानासुद्धा सहज बोलून जातेस. तोही जपच आहे पोरी, आणि तो २१ वर थांबत नाही. ‘शेकडेवारी अजून अडते’ असं म्हण. तेही खरंच आहे आणि त्यात पुढं काय करायचं तेही कळतं.

आणखी एक लिहायचं. क्लॉड स्टील यांनी १९८८ मध्ये मांडलं, की एका ठिकाणी मार बसला तर माणूस आपल्याला मोलाच्या वाटणाऱ्या दुसऱ्या गोष्टी आठवून सावरतो. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं तेवढंच लिही. आजीला दवाखान्यात तू नेतेस. खोलीतल्या नव्या मुलीला फॉर्म भरून द्यायला तू बसतेस. ही तू त्या यादीत नाव नसतानाही आहेसच.

आणि हे सगळं करूनही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगण्यात काही राम नाही असं वाटत असेल, तर वही बाजूला ठेव आणि मला फोन कर, कितीही वाजले असले तरी. मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही फोनमध्ये घालून ठेव. सिव्हिलला जायचं झालं तर मी बरोबर येईन. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

रविवारी मैदानावर येताना पाच नवी वाक्यं लिहून आण आणि मला मोठ्यानं वाचून दाखव. वाचताना ज्या वाक्यावर तुझी नजर खाली जाईल, ते आपण तिथंच खोडू. गोळा मी घेऊन येते. तुझा उजवा कोपर अजून खाली पडतो, त्यावरही काम करायचंय.

तुझी,
मॅडम