वाचकांच्या शंका : काथ्याचा ब्रश

प्रश्न : नायलॉनचा ब्रश बंद करून भांड्यांसाठी काथ्याचा ब्रश आणला. पहिले काही दिवस पाणी तांबूस येत होते आणि महिन्याभरात लाकडी पाठीवर काळे ठिपके पडले. माल खराब निघाला, की काथ्या मोरीच्या ओलाव्यात टिकतच नाही? – एक वाचिका, पुणे

उत्तर : तांबूस पाणी हा दोष नव्हे. नारळाच्या सोडणात टॅनिन जातीची द्रव्ये असतात व ती सुरुवातीला पाण्यात उतरतात. नवा ब्रश कोमट पाण्यात रात्रभर ठेवून पाणी दोन-तीनदा बदलले, की रंग जवळजवळ थांबतो. काळे ठिपके मात्र बुरशीचे आहेत, आणि आपण लिहिता त्याप्रमाणे ते काथ्यावर नसून लाकडावर आहेत, हीच यातली महत्त्वाची गोष्ट आहे.

काथ्यात लिग्निनचे प्रमाण सुमारे ४० ते ४५ टक्के असते, तर कापसात ते जवळजवळ नसते. लाकडाला ताठपणा देणारे हे द्रव्य बहुतेक सूक्ष्मजीवांना सहजासहजी पचत नाही. म्हणूनच काथ्याचे दोर पिढ्यान्‌पिढ्या गलबतांवर आणि खाऱ्या पाण्यात वापरले गेले. ब्रशच्या पाठीसाठी वापरलेल्या साध्या लाकडाला ही देणगी नसते. ब्रश पाठीवर उताणा ठेवला, की तंतूंमधले पाणी ते रोवलेल्या भोकांत झिरपते आणि लाकूड दिवसभर आतून ओलेच राहते. वापरानंतर ब्रश झटकावा, तंतू खाली राहतील असा टांगावा आणि आठवड्यातून एकदा उन्हात ठेवावा. नायलॉन पाणी फारसे शोषत नसल्यामुळे आपल्याला ही सवय उरलेली नाही; काथ्या ती पुन्हा लावून घेतो, एवढी अडचण मान्य केली पाहिजे. स्टील, पितळ, मातीची भांडी आणि फरशी यांना तो उत्तम आहे. नॉनस्टिक तव्यावर मात्र मी तो वापरणार नाही, कारण तंतूंत अडकलेला वाळूचा एखादा कणही तो थर ओरबाडू शकतो.

प्रश्न : सोडणे कुजवताना केरळमधील पाणी दूषित होते, असे वाचले. मग काथ्याला पर्यावरणपूरक का म्हणावे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आक्षेप खरा आहे, पण तो सगळ्या काथ्याला लागू नाही. पांढऱ्या काथ्यासाठी हिरव्या नारळांची सोडणे खाऱ्या-गोड्या पाण्यात कित्येक महिने दाबून ठेवत. त्यात पाण्यातला प्राणवायू घटतो, हायड्रोजन सल्फाइडची दुर्गंधी सुटते आणि माशांना ते पाणी नकोसे होते. हा काळ कमी करण्यासाठी कॉयर बोर्डाच्या (केंद्र सरकारचे काथ्या मंडळ) कलवूर (आलप्पुळा) येथील संशोधन संस्थेने जीवाणूंचे मिश्रणही तयार केले आहे. परंतु हा मऊ काथ्या प्रामुख्याने सूत, दोर आणि चटया यांच्या कामाचा. ब्रशला ताठ, तपकिरी काथ्या लागतो. तो पक्व नारळाच्या सोडणापासून, थोडा काळ भिजवून किंवा थेट यंत्रावर झोडून काढतात. त्यातले लांब तंतू ब्रश-झाडूंकडे जातात आणि आखूड तंतू गाद्यांकडे. यासाठी प्रसिद्ध असलेला देश श्रीलंका. सोडणाच्या वजनात तंतू ढोबळमानाने एक तृतीयांश आणि उरलेला भुसा असतो. पूर्वी त्या भुशाचे ढीग पावसात भिजून तांबडे पाणी सोडत असत. आता तोच भुसा कोकोपीट म्हणून रोपवाटिकांत विकला जातो.

नारळ खोबऱ्यासाठी लावला जातो, सोडण आपोआप मिळते. त्यासाठी वेगळी जमीन वा पाणी लागत नाही. काथ्याच्या बाजूने माझ्या मते हाच सर्वांत भक्कम मुद्दा आहे. मात्र पाठ प्लॅस्टिकची असेल, तर त्या ब्रशला पर्यावरणपूरक म्हणण्याआधी थांबावे.

प्रश्न : आमच्याकडे सोडणे न्हाणीच्या चुलीत जातात. त्यांचाच ब्रश घरी करता येईल का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : अवश्य. सुक्या सोडणाची वीतभर लांब, दोन बोटे रुंद फाळ कोयतीने काढावी व तीन-चार दिवस पाण्यात ठेवावी. मग तिचे एक टोक दगडावर धरून लाकडी मोगरीने कुटावे. भुसा गळून पडतो, तंतू मोकळे होतात आणि न कुटलेला भाग मुठीसारखा राहतो. केरळमध्ये माहूत हत्तीला न्हाऊ घालताना सोडणाच्या तुकड्यानेच घासतात, तेव्हा कढईची काय कथा! गोल ब्रश हवा असल्यास तंतू विंचरून, मध्यावर सुंभाने घट्ट आवळून दुमडावेत. निष्फळ चर्चेला आपण ‘काथ्याकूट’ म्हणतो, पण प्रत्यक्ष काथ्या कुटल्यावर हातात काही तरी पडते, हे आपल्या ध्यानात येईल.

प्रश्न : बाजारात तपकिरी रंगाचे प्लॅस्टिकही काथ्या म्हणून विकतात. ओळखावे कसे? – एक वाचिका, नागपूर

उत्तर : ब्रशमधला एक तंतू उपटून चिमट्यात धरावा आणि काडीने पेटवावा. काथ्या लाकडासारखा जळतो, धुराचा वासही तसाच येतो आणि मागे ठिसूळ राख उरते. प्लॅस्टिक वितळून आक्रसते व टोकाला कडक मणी तयार होतो. ‘सुंभ जळला तरी पीळ जळत नाही’ ही म्हण काथ्याच्या दोरीवरूनच आली आहे. नायलॉनच्या दोरीचा पीळ आधी जातो. जुना ब्रश टाकताना तंतू धरून ठेवणारी तार असल्यास ती भंगारात द्यावी आणि तंतू कातरून खताच्या खड्ड्यात घालावेत. लिग्निनमुळे ते भाजीच्या देठांबरोबर कुजणार नाहीत. खत चाळताना वर राहिले, तर पुन्हा खड्ड्यात टाकावेत.