वाचकांचे प्रश्न : एवढं आपटून परत कसे उतरतात?

प्रश्न : टीव्हीवर डाउनहिल स्कीइंग बघताना काळजात धस्स होतं. एवढं जोरात पडल्यावर हे लोक परत रेस कशी करतात? करिअर टिकतं का?

उत्तर : टिकतं की! ऑस्ट्रियाच्या हर्मन मायरचंच बघा, हा आधी गवंडीकाम करायचा. १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकला डाउनहिलमध्ये तो हवेत पार आडवा झाला, खाली आपटून सेफ्टीच्या जाळ्या तोडत पलीकडे बर्फात जाऊन पडला, आणि तीनच दिवसांनी सुपर-जीचं (डाउनहिलपेक्षा जास्त वळणांची रेस) गोल्ड घेतलं, मग जायंट स्लॅलमचंही (त्याहून जास्त वळणांची)! पण खरी कसोटी पुढे होती. ऑगस्ट २००१ मध्ये मोटरसायकल अपघातात पाय कापावा लागतो की काय अशी वेळ आली, पायात रॉड घातला, आणि तरी जानेवारी २००३ मध्ये परत येऊन पठ्ठ्याने ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूलची सुपर-जी जिंकली, २००४ ला वर्ल्ड कपचं (हंगामभर चालणारी रेसची मालिका) एकूण विजेतेपदही. २००९ मध्ये ३६ व्या वर्षी थांबला, ५४ वर्ल्ड कप रेस जिंकून.

आणि हो, डाउनहिलमध्ये नुसती ताकद चालत नाही, ताशी १३० किमीच्या पुढे वेग असताना कुठलं वळण कधी घ्यायचं हे डोक्यात पक्कं लागतं, म्हणून इथे तिशीतले अनुभवी लोकही भारी पडतात.