भोपळा कोणी फोडायचा?

पत्र:
"ताई, माझं वय ६९. जुळे सोलापुरात घरामागे थोडी मोकळी जागा आहे. तिथं आम्ही दोघं दरवर्षी लाल भोपळ्याची पाच आळी लावायचो. बी माझ्या माहेरचं, मंगळवेढ्याचं. हे जाऊन दोन वर्षं झाली. यंदा एकटीनं लावली, तर निम्म्याहून जास्त कोवळी फळं पिवळी पडून गळाली. दोन चांगली पोसली, पण दसऱ्यापासून तशीच ठेवलीत. आमच्यात बाई अख्खा भोपळा चिरत नाही. पहिला काप हे घालायचे, एक चकती कच्चीच तोंडात टाकायचे, मग माझ्याकडे द्यायचे. आता घरात पुरुषमाणूस नाही. परवा आळ्याशी वाकताना तोल गेला. मुलगा पुण्याहून म्हणतो, ४० रुपयांच्या भोपळ्यासाठी हाड मोडून घेशील. वेल उपटून टाकू का?"

ताई,

वेल उपटू नका. पाचाची दोन आळी करा, पण उपटू नका.

गळतीचं आणि तोल जाण्याचं तुम्ही शेजारणीलाही विचारलं असतंत. पत्र लिहायला बसलात ते त्या दोन भोपळ्यांपायी, असं मला वाटतं. म्हणून आधी त्यांचंच बोलते.

माझे वडील गेले त्या वर्षी आमच्या घरातही एक भोपळा होळीपर्यंत माळ्यावर राहिला. भाऊ, भाचा कुणी आलं की आई त्याला सांगायला जायची आणि गप्प बसायची. शेवटी एका दुपारी तिनं पोतं अंथरलं आणि स्वतःच फोडला. आतला गर सुटून तारा झाल्या होत्या, बियांना तिथल्या तिथं मोड आले होते. "उशीर केला," एवढंच म्हणाली. इतके दिवस मी रोज तो भोपळा बघत होते आणि एकदाही "आई, आपण फोडू या" म्हटलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. तुम्हाला मात्र म्हणते: याच आठवड्यात फोडा, आणि तुमच्या हातानं फोडा. पेरलात तुम्ही, पाणी तुम्ही घातलंत. ही रीत मोडली म्हणून यजमानांचा मान कमी होत नाही. मन अगदीच धजावत नसेल तर शेजारच्या मुलाला बोलवा, पण भोपळा कुजू देऊ नका.

फोडताना बसक्या टेबलावर ओलं फडकं घाला, म्हणजे तो घरंगळणार नाही. जड सुरीचं टोक देठाजवळ रोवा आणि पाठीवर बत्त्यानं हलके ठोके द्या. जोर लावून सुरी दाबू नका, ती सटकते. आणि यजमान करायचे तेच करा, एक चकती कच्ची चाखा. ती फार शहाणपणाची सवय होती. भोपळा किंवा दुधी कडू लागला तर त्यात विषारी द्रव्य असतं आणि ते शिजवूनही जात नाही. कडू लागला की थुंका आणि अख्खं फळ टाकून द्या. दुधीचा रस पिणाऱ्यांनी तर हे कधीच विसरू नये. कडू रसानं उलट्या होऊन, रक्त पडून माणसं दगावली आहेत.

आता गळतीचं. गळालेलं फळ हातात घेऊन बघा. नुसतंच पिवळं पडून सुकलं असेल तर त्याला पराग मिळाला नाही. बारीक भोक आणि त्यावर डिंकासारखा थेंब असेल तर फळमाशी. मादी फुलाखाली इवलासा भोपळा असतो, नर फूल नुसत्या लांब देठावर येतं. फुलं पहाटे उमलतात आणि ऊन चढलं की मिटतात, तेव्हा आठच्या आत एक नर फूल खुडा, पाकळ्या काढा आणि मधला दांडा मादी फुलात हलकेच टेकवा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. फळ लिंबाएवढं होण्याआधी त्यावर वर्तमानपत्राची पिशवी सैल बांधा, म्हणजे माशी टोचणार नाही.

वाकणं कमी करायला आळं गुडघ्याएवढ्या उंच वाफ्यात घ्या आणि शेजारी स्टूल ठेवा. लाल भोपळा मांडवावर चढवू नका, भुईवरच पसरू द्या. फळाखाली शहाबादी फरशीचा तुकडा सरकवला की ते सडत नाही. मांडव हवाच असेल तर दुधीला करा, खांद्याएवढा. फळं लोंबतात, वाकावं लागत नाही. तो कोवळाच तोडायचा, नख सहज रुततं तेव्हा. लाल भोपळ्याचं उलटं: देठ वाळून बुचासारखा झाला आणि नख रुतेनासं झालं की चार बोटं देठ ठेवून कापा. देठाला धरून उचलू नका.

पाण्याचं सोलापूरकरांना काय सांगायचं, नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते तुम्ही जाणताच. आळ्यात एक साधं, भाजलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी त्यात ओता, वर झाकणी ठेवा. मुळाशी ओल झिरपत राहते आणि रोज बादली उचलावी लागत नाही. वरून उसाचं पाचट पसरा.

मुलाची भीती खरी आहे, ती उडवून लावू नका. त्याला शब्द द्या: स्टुलावर चढणार नाही, उन्हात जाणार नाही, मोबाइल कनवटीला असेल. आणि आळी खणायला त्यालाच एक रविवार बोलवा.

याच भोपळ्यातल्या भरदार बिया धुऊन सावलीत वाळवा आणि राखेत घालून डब्यात ठेवा. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उरकून रात्रीचा गारठा मोडला की, जानेवारीअखेर, आळ्याला तीन-तीन लावा. गराचे घारगे करा. किसून गुळात शिजवताना वरून पाणी घालू नका, त्यालाच सुटतं.