कुकरी, म्हणजे गोरख्यांचा तो वाकडा सुरा, म्यानातून काढली की परत ठेवण्याआधी तिला रक्त लागतंच का? गोरखे खरंच घाबरत नाहीत का? आणि चांगली कुकरी कुठे मिळेल?

मी आर्मी मेडिकल कोअरमधून नर्सिंग असिस्टंट म्हणून रिटायर झालो, त्यातली अडीच वर्षं एका गोरखा पलटणीच्या एमआय रूमला, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, काढली. म्हणून हा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

रक्ताचं साफ खोटं. कुकरी म्हणजे त्यांचा कोयता समजा. लंगरमध्ये, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, मटण तिनेच तोडतात, लाकडं तिनेच फोडतात, बांबू तासतात. दर वेळी रक्त द्यायचं असतं तर माझ्या एमआय रूमपुढे सकाळी रेशनसारखी लाइन लागली असती. दसऱ्याला, म्हणजे त्यांच्या दशैंला, बळी देतात तेव्हा एका घावात मान उतरली पाहिजे हे खरं, पण ती कुकरी मोठी आणि वेगळीच असते.

आता रक्त निघतं, नाही असं नाही, पण माझ्यासारख्या शहाण्याचं. नवीन नवीन होतो, एका हवालदाराकडे कुकरी बघायला मागितली. त्याने म्यानासकट दिली आणि काहीतरी बोलला, मला तेव्हा गोरखाली, म्हणजे त्यांची नेपाळी, कुठे येत होती. मी आपलं डाव्या मुठीत म्यान गच्च आवळलं, सिनेमात तलवारीचं धरतात तसं, आणि खेचली. पातं वाकडं असल्यामुळे काढताना धार म्यानाच्या आतल्या कडेला घासत येते, आणि म्यान म्हणजे दोन फळ्या न् वरून चामडं, जुनं झालं की सांधा उलतो, ती धार सरळ बाहेर येऊन माझ्या दोन बोटांत. चार टाके. म्यान पाठीच्या बाजूने धरायचं, धारेकडे बोटं न्यायची नाहीत, एवढंच तो बिचारा सांगत होता. वर टाके पडताना दारात उभा राहून हसत विचारतोय, "के भयो भाई?", म्हणजे काय झालं भाऊ?

पण नंतर त्यानेच बसून सगळं दाखवलं. म्यानाला मागे दोन छोट्या सुऱ्या असतात, धारवाली कर्दा, बोथट ती चकमक, तिच्यावर धार लावायची नाहीतर गारगोटीवर ठिणगी पाडायची. मुठीजवळच्या खाचेबद्दल जितकी तोंडं तितक्या कथा, कोणी त्रिशूळ म्हणतं, कोणी गाईचं खूर. पोलाद बऱ्याचदा ट्रकच्या कमानपाट्याचं, आणि तापवलेल्या पात्याच्या फक्त धारेवर किटलीने पाणी ओततात, म्हणजे धार कडक होते आणि पाठ चिवट राहते, दणका सोसते.

न घाबरण्याचं म्हणाल तर फील्ड मार्शल माणेकशॉंच्या नावावर ते वाक्य फिरतं ना, मरणाला भीत नाही म्हणणारा एकतर खोटारडा नाहीतर गोरखा. सुई बघून तोंड फिरवणारे गोरखे मी स्वतः पकडून बसवलेत. पराक्रम खोटा नाहीये, १९४५ साली बर्मात लछिमन गुरुंग या गोरखा जवानाचा उजवा हात ग्रेनेडने गेला तरी डाव्या हाताने रायफल भरत चार तास लढला. १९६१ ला काँगोत गोरखा पलटणीचे कॅप्टन सालरिया १६ जणांना घेऊन नव्वदेक जणांवर तुटून पडले, त्यात कुकऱ्याही चालल्या, आणि ते तर पंजाबी होते. म्हणजे रक्तात वगैरे काही नसतं हो, ट्रेनिंग असतं, आणि गावाकडे तोंड दाखवायचं असतं.

हे मी आमच्या साडूंना पंधरा वर्षं सांगतोय. दार्जिलिंगहून आणलेली चकचकीत कुकरी शोकेसमध्ये, पाहुणे आले की काढायची, अंगठ्याला टोचून थेंब दाखवायचा, "नियम आहे". आणि हेच गृहस्थ खाली वॉचमनला "ए गुरखा" म्हणून हाक मारणार, तो बिहारचा असला तरी. सत्यनारायणाला त्या कुकरीने नारळ फोडायला गेले तर मूठ हातात राहिली आणि पातं सोफ्याखाली.

विकत घ्यायचीच असेल तर नेपाळात भोजपूर, धरानकडची घ्या, लोहाराच्या हातची, वजन हातात तोलून. टुरिस्ट दुकानातली नको. विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, आर्म्स ॲक्टचंही विचारून घ्या.

आणि हो, मी होतो ती पलटण तेव्हा पीस स्टेशनला, म्हणजे लढाईपासून लांबच्या छावणीत होती, लढाईत कुकरी चालताना मी बघितलेली नाही. सोफ्याखालची मात्र मीच काढून दिली, पाठीकडून धरून.